ब्लेडचं सरोवर ते दुब्रोव्हनिकचा तट: स्लोव्हेनिया आणि क्रोएशियातला चौदा रात्रींचा मार्ग

आल्प्सच्या दक्षिण उतारावरून निघून एड्रियाटिक समुद्राच्या काठाला पोचणारा हा मार्ग आहे. हिमनदीनं कोरलेली सरोवरं, जमिनीखालून वाहणारी नदी, एकात एक ओतणारी सोळा तळी, रोमन सम्राटाच्या वाड्यात वसलेलं शहर आणि समुद्रात पाय रोवून उभी असलेली तटबंदी, हे सगळं त्यावर ओळीनं येतं. विमानातून उतरल्यापासून परतीच्या विमानापर्यंत एस.टी.सारख्या साध्या बसगाड्यांनी तो पार पडतो. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला आणि त्याच दिवशी तिथे युरो लागू झाला. त्यामुळे आता दोन्ही देशांना एकच व्हिसा आणि एकच चलन पुरतं.

या प्रदेशात फिरताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली तर बघितलेलं नीट उलगडतं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा आहे. पाऊस पडला की पाणी कड्यावरून धो-धो खाली येतं. इथला डोंगर चुनखडीचा आहे. पाणी ती विरघळवत आत शिरतं, गुहा करतं आणि दुसरीकडे जाऊन तीच विरघळलेली चुनखडी थरांनी परत बसवतं. श्कोत्स्यानची गुहा पहिल्या क्रियेतून झाली आणि प्लित्वित्सेची तळी दुसरीतून. स्प्लिटचा वाडा आणि दुब्रोव्हनिकचा तटही याच दगडातून उभे राहिले आहेत.

रात्रींची वाटणी अशी: ब्लेड ३, ल्युब्लियाना ३, झाग्रेब १, प्लित्वित्से १, झादार १, स्प्लिट २, दुब्रोव्हनिक ३. दिवस कमी असतील तर झाग्रेब आणि झादार गाळा. ब्लेडची किंवा दुब्रोव्हनिकची रात्र मात्र कापू नका, कारण ही दोन्ही ठिकाणं दुपारच्या गर्दीत एक असतात आणि सकाळी सातला पूर्ण वेगळी.

कधी जावं

मेचा दुसरा आठवडा ते जूनचा मध्य, किंवा सगळा सप्टेंबर. शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपल्याला पहिला काळ जमतो आणि तो उत्तमही आहे. डोंगरात वितळलेल्या बर्फाचं पाणी असल्यामुळे धबधबे भरलेले असतात आणि दिवस लांब असतो. समुद्र तेव्हा थंड असतो, पोहायचं असेल तर सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टमध्ये दुब्रोव्हनिकच्या तटावर उन्हाचा तडाखा बसतो आणि खोल्यांचे भाव चढतात. नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं आणि बोटी बंद असतात, ब्लेडजवळची विंटगारची घळही बंद असते.

आल्प्सच्या बाजूला मे-जूनमध्ये दुपारनंतर पाऊस कोसळण्याची शक्यता नेहमीच असते. म्हणून डोंगरातला प्रत्येक बेत सकाळचा ठेवावा.

व्हिसा: आधी रात्री मोजा

शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढायच्या त्या देशाकडे करावा लागतो. वरच्या वाटणीत स्लोव्हेनियात ६ आणि क्रोएशियात ८ रात्री आहेत, म्हणजे अर्ज क्रोएशियाकडे. रात्री समसमान झाल्या तर ज्या देशात आधी प्रवेश होतो तिकडे. झाग्रेब आणि झादार गाळून ती जोडी ब्लेडला दिली तर गणित फिरतं आणि अर्ज स्लोव्हेनियाकडे जातो. त्यामुळे आधी मार्ग ठरवा, मग भेटीची वेळ घ्या. लोक नेमकं उलट करतात: ज्या व्हिसा केंद्रात वेळ मिळाली तिकडचा अर्ज भरतात आणि मग हॉटेलांची जुळवाजुळव करतात. मुलाखतीत किंवा कागदपत्रांत ते दिसून येतं.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण नियमानुसार ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. मे महिन्यात जायचं असेल तर फेब्रुवारीतच अर्ज टाका, कारण मार्च-एप्रिलमध्ये भेटीच्या वेळा भराभर संपतात.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि शेंगेनमधल्या सगळ्या दिवसांचा. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा क्षुल्लक विसंगतीमुळे: विमा १० तारखेपासून आणि विमान ९ तारखेला उतरतंय, किंवा हॉटेलांच्या बुकिंगमध्ये मधलीच एक रात्र गळलेली. एका कागदावर तारीख, शहर, हॉटेल आणि त्या दिवशीचा प्रवास असा तक्ता करून प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून बघा. खात्यात अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम भरली असेल तर ती कुठून आली याचा पुरावा जोडा.

एकदा प्रवेशाचा व्हिसा आणि अनेकदा प्रवेशाचा व्हिसा यांतला फरक या मार्गावर फार महत्त्वाचा आहे. क्रोएशियाच्या किनाऱ्याचा शेवटचा तुकडा, ज्यात दुब्रोव्हनिक येतं, तो जमिनीनं उरलेल्या देशापासून तुटलेला आहे. मध्ये नेउम गावाशी बोस्निया समुद्राला टेकतो. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाणारी बस नेउममधून गेली तर तुम्ही शेंगेनबाहेर पडून परत आत येता, आणि एकदाच प्रवेशाची मुभा असेल तर तिथेच अडकायला होतं. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्स पूल सुरू झाला. २,४०४ मीटर लांबीचा हा पूल नेउमला वळसा घालून थेट क्रोएशियाच्याच हद्दीतून नेतो. पण सगळ्याच बसगाड्या पुलावरून जात नाहीत. तिकीट काढताना थांब्यांची यादी उघडा. त्यात नेउम दिसलं तर दुसरी गाडी निवडा, आणि यादीवरून उलगडा होत नसेल तर खिडकीवर विचारा.

काय आधी बुक करायचं आणि काय नाही

विमानाचं तिकीट जाताना ल्युब्लियानाचं आणि परतताना दुब्रोव्हनिकहून काढा. मुंबईहून यांपैकी कुठेही थेट विमान नाही. इस्तंबूल, दुबई किंवा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर शेंगेनची पासपोर्ट तपासणी तिथेच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्यानं लागू होऊ लागली, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात वेळ लागतो. दोन विमानांमध्ये अडीच-तीन तास ठेवा.

राहण्याच्या जागांनंतर तीन तिकिटं आधी काढायची: विंटगार, प्लित्वित्से आणि श्कोत्स्यान. पहिल्या दोन्हींची तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि सकाळच्या वेळा आधी संपतात. बसची तिकिटं क्रोएशियात दोन-तीन दिवस आधी काढली तरी पुरतं, अपवाद प्लित्वित्सेहून पुढे जाणाऱ्या गाडीचा. स्लोव्हेनियातल्या स्थानिक रेल्वेला आधी तिकीट काढायची गरज नसते.

पैसे, फोन, खाणं

युरोचं फॉरेक्स कार्ड आणि सोबत दीडशे-दोनशे युरो रोख, त्यात एक आणि दोन युरोची नाणी. क्रोएशियात बसच्या पोटात बॅग ठेवायला दर बॅगेमागे एक-दोन युरो वेगळे घेतात आणि ते बहुधा रोखच द्यावे लागतात. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणा आणि युरोच निवडा, नाहीतर त्यांच्या वाईट दरानं पैसे कापले जातात.

स्लोव्हेनियात घेतलेलं सिम क्रोएशियात चालतं. प्लित्वित्से आणि नेउमच्या आसपास मात्र फोन आपोआप बोस्नियाचं नेटवर्क पकडू शकतो आणि तिथे युरोपीय संघाचे रोमिंग नियम लागू नाहीत. त्या दोन टप्प्यांत नेटवर्क हातानं निवडून ठेवा.

रविवारचा विचार आधी करा. स्लोव्हेनियात २०२० पासून बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. क्रोएशियात २०२३ च्या जुलैपासून दुकानांना वर्षात १६ रविवारच उघडता येतं. त्यामुळे दूध, फळं, पाव शनिवारी घेऊन ठेवायचं. नळाचं पाणी दोन्ही देशांत निर्धास्त प्या.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण पदार्थाचं नाव ठाऊक हवं. स्लोव्हेनियात श्त्रुक्ल्यी मागा: पातळ पोळीत ताजं चीज, अक्रोड किंवा खसखस गुंडाळून उकडलेला पदार्थ, तिखट नाही पण पोटभरीचा. योता हे घेवडा आणि आंबवलेल्या कोबीचं सार चविष्ट असतं, पण त्यात डुकराचं मांस असायची शक्यता मोठी. क्रोएशियात चीजचा किंवा पालकाचा बुरेक कुठल्याही बेकरीत सकाळी मिळतो. बटाटा घालून शिजवलेली ब्लित्वा ही पालकाच्या जातीची भाजी जवळपास प्रत्येक खानावळीत असते. भाजलेल्या लाल मिरचीचा आयव्हार पावाला लावला की आपल्या जिभेला बरं वाटतं. दालमेशियातला, म्हणजे क्रोएशियाच्या किनारपट्टीवरचा, सोपार्निक, म्हणजे ब्लित्वा भरलेली पातळ भाकरी, दिसला तर सोडू नका. ‘मांसाशिवाय’ हे क्रोएशियात ‘बेझ मेसा’ आणि स्लोव्हेनियात ‘ब्रेझ मेसा’. मासे मांसात मोजले जात नाहीत, ते वेगळं सांगा. ब्लेडच्या प्रसिद्ध क्रीम केकमध्ये अंडं असतं.

घरून नेताना लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, पनीर, श्रीखंडाच्या वड्या घरीच. ताजी फळंही, मोजकी सोडली तर, प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात कुणा नातेवाइकांसाठी हापूसची पेटी उचलू नका. चिवडा, चकली, मेतकूट, भाजके पोहे, कोरड्या चटण्या यांना अडचण नाही.

ब्लेड आणि बोहिन्य: पहिल्या तीन रात्री

ल्युब्लियानाचं विमानतळ शहराच्या उत्तरेला ब्रनिकला आहे, म्हणजे ब्लेडच्याच वाटेवर. म्हणून आधी शहरात जाऊन परत वर येण्यापेक्षा थेट ब्लेड गाठा. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. सामायिक शटल आधी ठरवता येते, नाहीतर बसनं क्रान्य आणि तिथून दुसऱ्या बसनं ब्लेड.

पुढे रेल्वेचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट वाचा. ब्लेडच्या नावाची दोन स्थानकं आहेत. ल्युब्लियानाच्या मुख्य मार्गावरचं लेस्त्से-ब्लेड हे सरोवरापासून ४ किलोमीटर दूर आहे. सरोवरालगतचं ब्लेड येझेरो हे स्थानक वेगळ्या, येसेनित्से ते नोव्हा गोरित्सा या मार्गावर आहे. ल्युब्लियानाहून ब्लेडला किंवा उलट जायचं तर बस घ्या. सव्वा तासात ती गावात सोडते.

सरोवराची प्रदक्षिणा सुमारे ६ किलोमीटरची, सपाट, रमतगमत दोन तासांची. पोचल्या दिवशी संध्याकाळी तीच करा, विमानाचा शीण जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे माला ओसोयनित्सा या टेकडीवर चढा. बेटावरचं चर्च, मागचा किल्ला आणि त्यामागचे काराव्हांके डोंगर एका रेषेत दिसतात ते इथूनच. चढ छोटा पण खडा आहे, शेवटी लोखंडी जिना आहे, आणि ओल्या मातीवर गुळगुळीत तळव्याचे बूट घसरतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हा नाद सोडून किल्ल्यावर जावं. १०११ सालच्या दस्तऐवजात उल्लेख असलेला हा किल्ला पाण्यापासून सव्वाशे मीटरहून उंच कड्यावर आहे आणि तिथपर्यंत गाडी जाते.

बेटावर नेणाऱ्या प्लेत्ना या लाकडी होड्या नावाडी उभं राहून वल्हवतात. सरोवरात इंजिनाच्या बोटींना बंदी आहे. होडी भरल्यावरच सुटते, बेटावर अर्धा-पाऊण तास देतात, आणि उतरल्यावर ९९ पायऱ्या आहेत. पैसे रोख तयार ठेवा.

विंटगारची घळ गावापासून ४ किलोमीटर. राडोव्हना नदीनं चुनखडीत कापलेली, १.६ किलोमीटर लांब, कड्याला खिळवलेल्या लाकडी फळ्यांवरून जाणारी. आता इथे वाट एकाच दिशेनं आहे: आत गेलात की टोकाला श्यूम धबधब्यापाशी बाहेर पडायचं आणि टेकडीवरच्या पायवाटेनं परतायचं. लोक घळीची लांबी बघून तासाभराचा वेळ ठेवतात आणि परतीच्या चढाचा हिशेब चुकतो. अडीच-तीन तास धरा. हेल्मेट प्रवेशद्वारावर देतात, ते सक्तीचं आहे.

तिसरा दिवस बोहिन्यचा. ब्लेडहून पाऊण तासाची बस रिब्चेव्ह लाझला सोडते. स्लोव्हेनियातलं हे सगळ्यात मोठं कायमचं सरोवर त्रिग्लाव्ह राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि खरं सांगायचं तर ब्लेडपेक्षा सुंदर आहे. ब्लेड सजवलेलं आहे. बोहिन्यला डोंगर थेट पाण्यात उतरतो. सकाळी आधी व्होगेलच्या केबलकारनं १,५३५ मीटरवर जा, कारण दुपारी ढग येऊन २,८६४ मीटरचं त्रिग्लाव्ह शिखर झाकून टाकतात. मग खाली उतरून साव्हित्सा धबधबा: पाचशेहून जास्त पायऱ्या, वर ७८ मीटरची धार कड्याच्या पोटातून फुटताना दिसते. नदी डोंगराच्या आतून वाहत येते आणि इथे बाहेर पडते. परतीची शेवटची बस किती वाजता, ते सकाळी उतरतानाच फलकावर बघून घ्या.

ल्युब्लियाना आणि दोन गुहांपैकी एक

ल्युब्लियाना शहर पायी फिरायचं. १८९५ च्या भूकंपात ते मोडलं, पुन्हा बांधलं गेलं, आणि विसाव्या शतकात योझे प्लेच्निक या वास्तुरचनाकारानं त्याला आजचं रूप दिलं: तिहेरी पूल, नदीकाठच्या बाजाराची खांबांची ओळ, राष्ट्रीय ग्रंथालय. त्याचं हे काम २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. सकाळी बाजार, दुपारी ग्रंथालय, संध्याकाळी नदीकाठ. किल्ल्यावर चालत वीस मिनिटांत पोचता येतं.

दुसरा दिवस गुहेला द्या. पोस्तोयना की श्कोत्स्यान, हा प्रश्न पायांवर सोडवावा. पोस्तोयनात आत आगगाडी आहे, चालणं दीडेक किलोमीटरचं आणि बहुतेक सपाट. वयस्कर आई-बाबा किंवा लहान मूल सोबत असेल तर हीच. चालू शकत असाल तर निःशंक श्कोत्स्यान. रेका नदी इथे डोंगरात शिरते आणि जमिनीखालून कित्येक किलोमीटर जाऊन इटलीत ट्रिएस्टजवळ वर येते. गुहेत तुम्ही नदीच्या चाळीसहून अधिक मीटर वर एका अरुंद पुलावरून जाता. खाली काळोखात पाण्याचा आवाज घुमत असतो. १९८६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

तिथे जायला ल्युब्लियानाहून आगगाडीनं दिवाचा या स्थानकापर्यंत, तिथून सुमारे ३ किलोमीटरची खुणा केलेली पायवाट. गाडीची वेळ गुहेच्या फेरीच्या वेळेशी आधी जुळवा, कारण फेऱ्या ठरावीक वेळीच मार्गदर्शकासोबत निघतात. आत तापमान वर्षभर १२ अंशांच्या आसपास असतं, जाकीट लागतंच. पायऱ्या पाचशेच्या वर, आणि आत फोटो काढायला बंदी.

झाग्रेबमार्गे प्लित्वित्से

ल्युब्लियाना ते झाग्रेब रेल्वे आणि बस दोन्ही सव्वादोन-अडीच तासांत पोचवतात. इथे बस घ्या. झाग्रेबचं रेल्वे स्थानक आणि बसस्थानक वेगळ्या ठिकाणी आहेत, आणि दुसऱ्या दिवशीची प्लित्वित्सेची गाडी बसस्थानकावरूनच सुटते. ६ नंबरची ट्राम बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि मुख्य चौक यांना जोडते. देश एकाच शेंगेनमध्ये असले तरी ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियानं या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि ती वारंवार वाढवली गेली. पासपोर्ट बॅगेत खाली टाकू नका.

झाग्रेबची एक दुपार वरच्या गावातल्या सेंट मार्क चर्चच्या रंगीत कौलांना आणि दोलात्स बाजाराला पुरते. मार्च २०२० च्या भूकंपात कॅथीड्रलचं बरंच नुकसान झालं, त्यामुळे त्याच्याभोवती बांधकामाच्या परांच्या दिसतील.

प्लित्वित्सेला सकाळी झाग्रेबहून निघून संध्याकाळी परतणारे खूप आहेत, आणि नेमकं ते सगळे साडेदहा ते तीन या वेळात फळ्यांच्या वाटेवर असतात. म्हणून एक रात्र इथे. झाग्रेबहून दुपारी निघा, दोन-अडीच तासांत पोचा आणि २ नंबरच्या प्रवेशद्वाराजवळच्या मुकिन्ये वस्तीत खोली घ्या. तिथून उद्यानात चालत जाता येतं. तिकीट दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या वेळेचं. जून ते सप्टेंबर ते सुमारे ४० युरो असतं, हिवाळ्यात त्याच्या पाव पटीच्या आसपास; त्यात आतली बोट आणि वाहन धरलेलं आहे.

सोळा तळी आहेत, वरची बारा आणि खालची चार. त्यांना वेगळं करणारे बांध पाण्यानंच घातले आहेत. चुनखडीनं भरलेलं पाणी शेवाळ्यावर आपटतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खनिजाचा थर शेवाळ्यावर बसतो. बांध वर्षाला सेंटिमीटरच्या हिशेबानं वाढतो आणि एका पावलानं तुटतो. पाण्यात उतरायला बंदी का आहे, ते यावरून कळावं.

वाटांना अक्षरं दिली आहेत. २ नंबरच्या दारातून ‘एच’ ही सुमारे ९ किलोमीटरची वाट निवडा. आधी वाहनानं वरच्या टोकाला जायचं, मग उतरत उतरत सगळी तळी, कोझ्याक तळं बोटीनं ओलांडायचं आणि शेवटी ७८ मीटरचा वेलिकी स्लाप. चार ते सहा तास. कमी चालणाऱ्यांनी १ नंबरच्या दारातून ‘बी’ ही ४ किलोमीटरची वाट घ्यावी. फळ्यांना कठडे नाहीत आणि पावसात त्या निसरड्या होतात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण समोरून येणाऱ्याला जागा द्यावी लागते.

पुढच्या बसचं तिकीट आधीच हातात हवं. थांबा हमरस्त्यावर आहे, तिकीटखिडकी शोधण्यात अर्थ नाही, गाडी उशिरा येते आणि हात केल्याशिवाय नेहमी थांबतेच असं नाही. झादारकडे जायचं तर दक्षिणेकडे जाणारी बाजू.

किनारा

झादारला संध्याकाळी पोचून थेट धक्क्याच्या टोकाला जा. २००५ साली वास्तुरचनाकार निकोला बाशिच यांनी पायऱ्यांखाली नळ्या बसवून केलेलं सागरी ऑर्गन तिथे आहे: लाट आत शिरली की हवा दाबली जाऊन सूर निघतो. सकाळी रोमन फोरम आणि नवव्या शतकातलं गोल सेंट दोनातुस चर्च बघून स्प्लिटची बस, साधारण तीन तास. वेलेबित डोंगरावरून कधीकधी ‘बुरा’ हा थंड, जोरदार वारा सुटतो. तेव्हा बोटी रद्द होतात आणि पूल बंद ठेवतात. बोटीचा बेत असेल तर हातात अर्धा दिवस मोकळा ठेवा.

स्प्लिटला बसस्थानक, रेल्वे स्थानक आणि बोटींचा धक्का एकमेकांना लागून आहेत आणि सामान ठेवायला ‘गार्देरोबा’ आहे. जुन्या शहराच्या गल्ल्या दगडी आणि पायऱ्यांच्या, म्हणून मोठी बॅग इथे डोक्याला ताप होते. हे जुनं शहर म्हणजे मुळात एक रोमन वाडा: इसवी सन ३०५ मध्ये सत्ता सोडून सम्राट डायोक्लेशियन त्यात राहायला आला. सातव्या शतकात जवळचं सालोना शहर उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथल्या लोकांनी या भिंतींच्या आत आसरा घेतला आणि तेव्हापासून वाडा वस्तीचाच आहे. आत फिरायला तिकीट नाही. तळघरं आणि कॅथीड्रल यांना आहे. तळघर आधी बघा. वरच्या दालनांचा आराखडा खाली जसाच्या तसा असल्यामुळे नाहीशा झालेल्या खोल्यांचा अंदाज तिथेच येतो. कॅथीड्रल म्हणजे मुळात या सम्राटाची समाधी. त्यानं ख्रिश्चनांचा छळ केला, आणि त्याच छळात मारल्या गेलेल्या सेंट दोम्नियसच्या नावानं आता तिथे प्रार्थना होते. दुसऱ्या दिवशी ३७ नंबरच्या बसनं त्रोगिरला जाऊन या: १२४० साली रादोव्हान या शिल्पकारानं कोरलेलं तिथल्या कॅथीड्रलचं दार तासभर निरखावं असं आहे.

स्प्लिट ते दुब्रोव्हनिक बस साडेचार तासांच्या आसपास; रेल्वे दुब्रोव्हनिकला जातच नाही. उजव्या बाजूची जागा घ्या, समुद्र त्या बाजूला असतो.

दुब्रोव्हनिक

बसस्थानक ग्रूझ बंदराजवळ आहे, जुन्या शहरापासून अडीच-तीन किलोमीटर. राहायला ग्रूझ किंवा लापाद बघा. तटाच्या आतल्या खोल्या महाग, आणि सामान पायऱ्यांवरून उचलून न्यावं लागतं. ‘सोबे’ अशी पाटी असलेल्या घरगुती खोल्या स्वस्त आणि स्वच्छ असतात.

तट १,९४० मीटरचा. त्याचं तिकीट हंगामात ४० युरोंच्या घरात जातं, आणि एका दिवसाचा शहर पास जवळपास त्याच किमतीत तट, संग्रहालयं आणि शहर बस मिळवून देतो. सुटं तिकीट काढण्यात नुकसानच. फेरी घड्याळाच्या उलट दिशेनं, एकाच बाजूनं, दोन तासांची. वर सावली नाही. उघडल्या उघडल्या चढा, आणि पिले दरवाज्याशी रांग असेल तर प्लोचे बाजूच्या दारानं. पाण्याची बाटली चढण्याआधी ओनोफ्रिओच्या कारंज्यावर भरून घ्या. पंधराव्या शतकातल्या या कारंज्याचं पाणी आजही पितात.

वरून कौलांकडे नीट बघा. उजळ नारिंगी कौलं नवी आहेत, युगोस्लाव्ह सैन्याच्या १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी मोडलेल्या छपरांवर बसवलेली; फिकट, डागाळलेली त्याआधीची. खालच्या मुख्य रस्त्याची एकसारखी घरं ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपानंतरची. शहराच्या प्रत्येक दरवाज्यावर हातात शहराची प्रतिकृती घेतलेला जो संत दिसतो तो सेंट ब्लेझ. त्याच्याच नावाचं साव ब्रास चर्च जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला आहे. सोळाव्या शतकात इथले, म्हणजे तेव्हाच्या रागुसा प्रजासत्ताकाचे, व्यापारी गोव्यात होते आणि ते चर्च त्यांनी उभारलं असं मानलं जातं. गोव्याहून येणाऱ्यांनी इथलं सेंट ब्लेझ चर्च आवर्जून बघावं.

क्रूझ जहाजांची माणसं सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत शहरात असतात. बंदराचं जहाजांचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. ज्या दिवशी जहाजं जास्त, त्या दिवशी पंधरा मिनिटांच्या बोटीनं लोक्रूम बेटावर जा आणि संध्याकाळी शहरात परता. ४१२ मीटरच्या स्र्ज डोंगरावर सूर्यास्ताला केबलकारला मोठी रांग लागते. तासभर आधी वर पोचा, नाहीतर पायवाटेनं चढा.

शेजारच्या माँटेनेग्रो देशातल्या कोटोरची एका दिवसाची सहल इथे कोपऱ्याकोपऱ्यावर विकली जाते. चालू शेंगेन व्हिसावर माँटेनेग्रोत जाता येतं, पण क्रोएशियात परत यायला अनेकदा प्रवेशाचा व्हिसा लागतो. तिकीट विकणारा हे विचारत नाही. पासपोर्टमधल्या व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ‘०१’ आहे की ‘मल्ट’, ते स्वतः बघून मगच पैसे द्या.

विमानतळ शहराच्या आग्नेयेला सुमारे २० किलोमीटरवर चिलिपीला आहे. ग्रूझ बसस्थानकावरून विमानांच्या वेळा धरून बस सुटते. किनाऱ्याचा रस्ता एकच आणि अरुंद असल्यामुळे हंगामात तो तुंबतो. इस्तंबूलमार्गे परतत असाल तर शेंगेनमधून बाहेर पडण्याची तपासणी याच विमानतळावर होते, म्हणून उड्डाणाच्या तीन तास आधी तिथे पोचेल अशी बस धरा.